वेळापत्रकाच्या मापाची वर्गखोली

शाळेची इमारत इतर इमारतींपेक्षा वेगळी असते. घरात माणसे रात्री राहतात, दवाखाना चोवीस तास चालतो, कचेरीला उन्हाळ्याची सुट्टी नसते. शाळा मात्र सूर्य वर असतानाच भरते, आणि ऊन सर्वांत कडक असते त्या मे महिन्यात बंद असते. दिवसा भरते म्हणून तिला उजेड फुकट मिळायला हवा. दिवसाच भरते म्हणून उष्णताही नेमकी त्याच वेळी मुलांच्या डोक्यावर येते. उजेड आत घ्यायचा आणि ऊन बाहेर ठेवायचे, ही शाळेच्या वास्तुरचनेतली खरी कसोटी आहे. तिचा निकाल बराचसा नकाशाच्या कागदावरच लागतो.

गावात नव्या वर्गखोल्या मंजूर झाल्या की बोलणे सुरू होते ते सौर पॅनेल, पंखे आणि दिव्यांपासून. या वस्तू हव्यातच. पण त्या शेवटी येतात. आधी ठरायला हवे ते इमारतीचे तोंड, छप्पर आणि खिडक्या. हे तीन निर्णय चुकले तर पुढची पन्नास वर्षे विजेचे बिल भरून ती चूक झाकावी लागते. ज्या शाळेकडे बिलाचे पैसे नसतात तिथे मुले ती चूक अंगावर घेतात.

विदर्भातल्या एखाद्या गावातली पाच खोल्यांची प्राथमिक शाळा डोळ्यांसमोर ठेवू. तिचे वर्ष जूनच्या अखेरीस सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये ढग असतात, पण हवा दमट, चिकट. ऑक्टोबरमध्ये पुन्हा ऊन चढते. डिसेंबर-जानेवारीत मुले ऊन शोधत बसतात. मार्चपासून शाळा सकाळची होते आणि दुपारच्या आत सुटते. म्हणजे या इमारतीला एकाच नव्हे, निदान तीन हवामानांत काम करायचे आहे आणि प्रत्येक हवामानात तिची वेळही वेगळी आहे. राष्ट्रीय इमारत संहितेने भारताचे पाच हवामान-विभाग पाडले आहेत. त्यात सोलापूर उष्ण-कोरड्या विभागात येते, नागपूर संमिश्र विभागात, तर मुंबई उष्ण-दमट. एकच नमुना नकाशा या तिन्ही ठिकाणी जसाच्या तसा बांधला, तर तो निदान दोन ठिकाणी तरी चुकीचा ठरणारच. ऊर्जा-संवर्धनाची इमारत संहिता २००७ साली आली आणि २०१७ साली सुधारली. पण ती १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभार असलेल्या इमारतींसाठी आहे. गावच्या शाळेचा जोडभार त्याच्या आसपासही जात नाही. तेव्हा इथे कायद्याचा धाक नाही. अभियंता, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्या समजुतीवरच सारे अवलंबून आहे.

आधी दिशेचे पाहू. नागपूरचे अक्षांश सुमारे २१ अंश उत्तर. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी तिथला सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो. मार्चच्या विषुवदिनी तो ६९ अंशांवर येतो, एप्रिलच्या मध्यास ७९ वर, आणि मेच्या अखेरीस थेट डोक्यावर. त्याच सुमारास वर्तमानपत्रांत शून्य सावली दिवसाची बातमी येते. दक्षिणेचे ऊन असे हिशेबात राहणारे, शिस्तीचे असते: उन्हाळ्यात उंच, हिवाळ्यात तिरके. चार फूट उंच खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला, तर मार्चच्या अखेरीपासून पुढे दुपारचे ऊन काचेला शिवत नाही, आणि डिसेंबरमध्ये खिडकीच्या खालच्या निम्म्या भागातून ते आत येते. हा हिशेब कोणताही गवंडी समजून घेऊ शकतो.

पूर्व आणि पश्चिम मात्र बेशिस्त. सकाळी आठला आणि संध्याकाळी चारला सूर्य इतका खाली असतो की छज्जा कितीही काढला तरी ऊन त्याच्या खालून आत शिरते. म्हणून इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम पसरवावी. म्हणजे लांब भिंती उत्तरेला आणि दक्षिणेला येतात, आखूड भिंती उगवती-मावळतीकडे, आणि या आखूड भिंती बिनखिडकीच्या ठेवता येतात. बहुतेक ठिकाणी इमारतीचे तोंड रस्त्याकडे केले जाते, कारण फाटक तिथे, नावाची पाटी तिथे. फाटक रस्त्याला असू द्यावे. इमारत सूर्याला विचारून फिरवावी. याला एक पैसाही जास्त लागत नाही, आणि तरी हाच निर्णय सर्वांत कमी वेळा विचारपूर्वक घेतला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

विदर्भ-मराठवाड्यात आणखी एक बारकावा आहे. उन्हाळ्यातली शाळा सकाळची असल्यामुळे त्या महिन्यांत पश्चिमेपेक्षा पूर्वेची भिंत अधिक छळते. पश्चिमेची भिंत तापते तेव्हा मुले घरी गेलेली असतात. पूर्वेची तापते तेव्हा प्रार्थना नुकतीच संपलेली असते. म्हणून पूर्वेच्या टोकाला पोषण आहाराचे स्वयंपाकघर आणि धान्याची खोली घ्यावी. ती उन्हाची आड होते. शिवाय आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येत असल्याने चुलीचा धूर वर्गांवरून न जाता बाहेरच्या बाहेर निघून जातो. पश्चिम टोकाला साहित्याची खोली किंवा जिना चालेल.

दक्षिणेला सात-आठ फुटांचा व्हरांडा असावा. त्यामुळे डिसेंबरच्या दुपारीही ऊन वर्गाच्या भिंतीच्या पायथ्याशीच थांबते, नैर्ऋत्येचा पाऊस दारांना लागत नाही, आणि थंडीत मुलांना पाटी-दप्तर घेऊन उन्हात बसायला हक्काची जागा मिळते. उजेडाची मुख्य बाजू मग उत्तर. उत्तरेचा उजेड दिवसभर जवळपास सारखा असतो, डोळ्यांवर येत नाही. जून-जुलैमध्ये सूर्य ईशान्येकडून उगवतो, त्यामुळे सकाळी थोडे तिरके ऊन उत्तरेच्या खिडक्यांवर येते. त्यासाठी खिडकीच्या पूर्व कडेला एक उभी पट्टी काढली की भागते.

फळा कुठे, हे आता आपोआप ठरते. जुने शाळा-रचनाकार सांगत की उजेड मुलांच्या डाव्या हाताकडून यावा, म्हणजे उजव्या हाताने लिहिताना सावली वहीवर पडत नाही. फळा पूर्वेच्या भिंतीवर घेतला की मुलांची तोंडे पूर्वेला आणि उत्तर त्यांच्या डावीकडे. फळ्याच्या भिंतीत खिडकी कधीही नसावी. तिच्या झगमगाटात खडूची अक्षरे दिसत नाहीत आणि भर दुपारी दिवे लावावे लागतात.

खिडकीतून येणारा कामाचा उजेड खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच पोचतो. लिंटेल सात फुटांवर असेल तर चौदा ते सतरा फूट. खोली वीस फूट रुंद असेल तर व्हरांड्याकडची शेवटची रांग अंधारात राहते. तिच्यासाठी व्हरांड्याच्या छपराच्या वर, म्हणजे वर्गाच्या भिंतीत अगदी उंचावर झरोके घ्यावेत आणि आतून छत व भिंतीचा वरचा भाग पांढरा ठेवावा. वाचायला ३०० लक्स उजेड पुरतो. आपल्याकडे उजेडाची आखणी करताना बाहेरचे आकाश ८००० लक्सचे धरतात, आणि प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा त्याहून कितीतरी उजळ असते. त्यातला चारएक टक्के उजेड बाकापर्यंत पोचवला की शाळेच्या वेळात ट्यूबलाइटला हात लावायची गरज नाही. एकदा हे साधले की खिडकी आणखी मोठी करण्यात अर्थ नाही. काचेच्या मोठ्या पडद्यांच्या शाळा छायाचित्रात सुंदर दिसतात, पण आपल्या उन्हात त्या तापतात.

छपराजवळ मात्र जास्त थांबायला हवे, कारण एकमजली वर्गाचा खरा शत्रू तिथे आहे. निरभ्र दुपारी आडव्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडते. वीस बाय पंचवीस फुटांच्या खोलीचे छत म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. हिशेब करून पाहा: २ किलोवॅटचे तेवीस गिझर त्या छतावर एकदम चालू ठेवावेत इतकी ही उष्णता. ती सारी आत येत नाही, काही परावर्तित होते, काही वारा नेतो. पण पत्र्याचे छत असेल तर उरलेली काही मिनिटांतच खाली उतरते. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबला तिला उतरवायला काही तास लागतात, आणि मग तो स्लॅब संध्याकाळी उशिरापर्यंत डोक्यावर निखाऱ्यांसारखा तापत राहतो.

स्लॅबचा हा उशीर सकाळच्या शाळेला उपयोगी पडतो. दुपारी बाराचे ऊन खाली पोचेपर्यंत वर्ग रिकामा झालेला असतो. पण रात्रीतून तो स्लॅब आणि त्या भिंती निवायला हव्यात, नाहीतर दुसऱ्या दिवशीची सकाळ कालच्या उष्णतेवर सुरू होते. इथे शाळांची नेहमीची अडचण आडवी येते. चोरीच्या आणि कुत्र्या-माकडांच्या भीतीने संध्याकाळी सगळ्या खिडक्या गच्च लावून कुलूप घातले जाते. एप्रिलमध्ये दुपारचा पारा चाळिशीपार असला तरी पहाटे तो पंधराएक अंशांनी उतरलेला असतो. ही गार हवा दाराबाहेर थांबते आणि आत कालची ऊब कोंडलेली राहते. उपाय साधा आहे. छताच्या लगत समोरासमोरच्या भिंतींत विटांची किंवा सिमेंटची जाळी कायमची बसवावी, आतून बारीक तारेची जाळी लावावी, आणि खिडक्यांच्या खालच्या भागात मजबूत गजांमागे उघडी ठेवता येतील अशी झडपे द्यावीत. रात्रभर गरम हवा वरून जाते, गार हवा खालून येते, आणि त्यासाठी कोणी उठून काही करावे लागत नाही.

छताची उष्णता रोखायला सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पांढरा रंग. करडे काँक्रीट पडलेल्या उन्हापैकी बरेचसे शोषून घेते. ताजी चुन्याची सफेदी किंवा पांढरे चायना मोझॅक बहुतांश ऊन परत आकाशात पाठवते. आपल्याकडे गळती थांबवण्यासाठी स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा करतातच. त्या विटांच्या तुकड्यांचा थर उष्णताही थोडी अडवतो. त्यावर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवले की एका खर्चात दोन कामे होतात. तेलंगणाने २०२३ साली शीत-छतांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. महाराष्ट्रातल्या शाळांनी धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही.

दुसरा मार्ग दुहेरी छपराचा, आणि त्यासाठी बुर्किना फासोतल्या गांडो गावाकडे पाहावे. दिएबेदो फ्रान्सिस केरे या गावचा मुलगा. सिमेंटच्या कोंदट, तापलेल्या वर्गात तो लहानपणी शिकला. पुढे बर्लिनला वास्तुविद्या शिकायला गेला आणि विद्यार्थी असतानाच मित्रांसह संस्था काढून गावच्या शाळेसाठी पैसे उभे केले. २००१ साली शाळा बांधून झाली. गावात वीज नव्हती. भिंती दाबून घडवलेल्या मातीच्या विटांच्या, त्यात थोडे सिमेंट मिसळलेले. तीन वर्ग एका ओळीत, आणि दोन वर्गांच्या मध्ये सावलीची मोकळी जागा, म्हणजे वारा अडत नाही. वर्गावर त्याच विटांचे छत आणि त्यात हवा जायला फटी. या छताच्या बऱ्याच वर, सळ्या जोडून केलेल्या कैच्यांवर, पत्र्याचे दुसरे छप्पर, भिंतींच्या बाहेरपर्यंत लांब आलेले. ऊन पत्रा झेलतो. दोन छपरांमधली हवा तापून निघून जाते आणि जाताना वर्गातली गरम हवा फटींतून वर ओढते. पाऊसही मातीच्या भिंतींपासून लांब राहतो. गावकऱ्यांनी आधी मातीच्या इमारतीवर विश्वास ठेवला नव्हता. पुढे त्यांनीच ती बांधली. मुलांनी पायासाठी दगड आणले, बायकांनी विटांसाठी पाणी आणले. २००४ साली या शाळेला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला आणि २०२२ साली केरे यांना प्रित्झकर पारितोषिक.

मला या शाळेत सर्वांत मोलाचे वाटते ते हे की पत्र्यासारखी तापणारी वस्तूही योग्य जागी ठेवली तर सावली देते. आपल्याकडे हजारो वर्गांवर थेट पत्रा आहे. उन्हाळ्यात तो भाजतो, पावसाळ्यात त्याच्या आवाजात बाईंचा शब्द पहिल्या बाकापलीकडे ऐकू जात नाही. त्याच्याखाली, हाताला पोचणार नाही अशा अंतरावर, दुसरे छत घातले आणि मधली हवा दोन्ही बाजूंनी खेळती ठेवली तर दोन्ही त्रास उतरतात. मात्र विदर्भात वळवाच्या वादळाने पत्रे उडतात, म्हणून कैच्या भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात पक्क्या अडकवलेल्या हव्यात. आणि मधल्या पोकळीला जाळी हवी, नाहीतर तिथे पारवे राहतात, कधी आग्या मोहोळही बसते.

जुन्या घरांकडे वळून पाहण्याचा मोह इथे होतो आणि तो योग्यच आहे. सेवाग्रामची बापूकुटी माती, बांबू आणि कौलांची आहे. वर्ध्याच्या उन्हाळ्यात तिथे टेकलेल्या कोणालाही त्या रचनेचे शहाणपण अंगावर कळते. मराठवाड्यातली माळवदाची घरे जाड दगडी भिंती आणि मातीच्या धाब्यामुळे गार असत. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तीच घरे कोसळली आणि हजारो माणसे त्या दगडमातीखाली गेली. गारवा देणारे ते वजनच जीवघेणे ठरले, कारण भिंतींना एकत्र बांधणारे काही नव्हते. म्हणून शाळेच्या भिंती जाड असल्या तरी जोते, लिंटेल आणि छताच्या पातळीवर काँक्रीटचे अखंड पट्टे घेतलेच पाहिजेत. ऊर्जा वाचवण्याचा कोणताही उपाय मुलांच्या सुरक्षिततेच्या पुढे जाऊ शकत नाही.

आता हवा. बसलेले मूल साठ-सत्तर वॅट उष्णता देत असते. चाळीस मुलांचा वर्ग म्हणजे जवळपास तीन किलोवॅट, आणि ही उष्णता बंद करता येत नाही. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. भरलेल्या वर्गात खिडक्या लावल्या की तो थोड्या वेळातच १००० च्या वर जातो. मुले पेंगतात त्याला कंटाळा हे एकच कारण नसते. समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या असतील तरच वारा आरपार जातो. एकाच बाजूला कितीही खिडक्या असल्या तरी तो फारसा आत शिरत नाही. आणि मुले कुठे बसतात हे पाहूनच खिडकीची सिल ठरवावी. पहिली-दुसरीची मुले बसकरपट्टीवर, जमिनीवर बसतात. तीन फुटांवरच्या सिलवरून येणारा वारा त्यांच्या डोक्यावरून निघून जातो. त्यांच्यासाठी सिल दीड-दोन फुटांवर हवी, भक्कम गजांसह. जुलैच्या दमट हवेत हाच वारा घाम वाळवतो.

एवढे झाल्यावर विजेचे आकडे पाहावेत, म्हणजे ते किती आज्ञाधारक होतात ते कळते. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीसएक. जुनी ट्यूब चोकसह पन्नासएक वॅट, एलईडी वीस. चार पंखे आणि चार दिव्यांचा वर्ग जुन्या वस्तूंवर ५०० वॅटचा, नव्यांवर २०० वॅटचा. दिवसाला सहा तास आणि वर्षाला २२० दिवस धरले तर ६६० युनिटऐवजी २६४ युनिट. आता पॅनेलकडे या. आपल्या भागात १ किलोवॅटचे सौर पॅनेल दिवसाला सरासरी चारएक युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे १४०० युनिट देते. पाच वर्गांची वर्षाची गरज १३२० युनिट. नीट आखलेली पाच खोल्यांची शाळा एका किलोवॅटवर उभी राहते. मे महिन्यातली जादा वीज नेट मीटरवरून बाहेर जाते आणि जुलैच्या ढगाळ दिवसांत परत येते. याउलट तापलेल्या स्लॅबखालच्या एका खोलीला वातानुकूलन करायचे म्हटले, तर तीन-चार किलोवॅट एकट्या तिलाच लागतील. पॅनेलही छतापासून उंच उभारावेत, त्यांच्या सावलीचा फायदा स्लॅबला मिळतो.

एक गोष्ट मात्र बिलात दिसत नाही. पाचशे चौरस फुटांच्या खोलीला ढोबळ हिशेबाने दोनशे पोती, म्हणजे १० टन सिमेंट लागते. ते बनवताना सहाएक टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. त्या वर्गातल्या जुन्या पंख्या-दिव्यांची वीज बनताना तेवढा वायू निघायला बारा-तेरा वर्षे लागतील. म्हणजे शाळेसारख्या कमी वीज वापरणाऱ्या इमारतीत खरी बचत बांधकामाच्या सामानात दडलेली असते. वास्तुकार लॉरी बेकर यांनी केरळात अनेक वर्षे हेच केले. स्लॅबच्या खालच्या अंगाला जिथे काँक्रीट नुसते ओझे होते तिथे त्यांनी कौले भरली, विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणारी भिंत रचली. या भिंतीला विटा सुमारे चतुर्थांश कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. कोकणात जांभा, विदर्भात कोराडी-चंद्रपूरच्या वीजकेंद्रांतल्या राखेच्या विटा, पठारावर काळा दगड. शेजारी जे मिळते ते आधी पाहावे.

ज्या शाळा आधीच बांधून झाल्या आहेत त्यांनाही यातले बरेच लागू पडते. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात गच्ची झाडून, धुऊन, चुन्यात थोडा डिंक किंवा चिकटवणारे द्रावण मिसळून दोन हात सफेदी मारावी. धुळीने तिचा पांढरेपणा उतरतो, म्हणून दरवर्षी मारावी. दिवाळीच्या सुट्टीत छतालगतच्या दोन-दोन विटा काढून तिथे जाळी बसवून घ्यावी. पूर्वेला आणि पश्चिमेला, भिंतीपासून पंधरा-वीस फुटांवर, कडुनिंब लावावा. पिंपळ-वड पायाजवळ नको. नव्या इमारतीत तर ही रोपे पाया खणण्याच्या आधीच लावावीत, कारण सावली द्यायला त्यांना सात-आठ वर्षे लागतात, आणि आज पहिलीत बसलेली मुले तोवर आठवीत गेलेली असतात.